बचत गट, सातबारा आणि कोरडे महिने: गरिबी हटवण्याच्या योजना कोकणात कुठे चालतात, कुठे अडतात

कोकणात गरीब कोण, हे ठरवताना सरकारी कागद नेहमीच गडबडतो. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण जितके कमी, तितकं कुटुंब गरीब. आता रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातलं एखादं साधं घर घ्या. भिंती चिऱ्याच्या, कारण जांभा दगड इथे पायाखालीच आहे. वर कौलं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, म्हणजे जमीनही आहे. पक्क्या घराचे गुण वाढले, जमिनीचे वाढले, झालं, घर यादीबाहेर. आत राहतात म्हातारा-म्हातारी, सून आणि शाळेत जाणारी नातवंडं. खर्च चालतो तो मुंबईहून येईल तेव्हा येणाऱ्या पैशावर.

नीती आयोगाची बहुआयामी गरिबीची मोजणी वेगळी आहे. ती आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान पाहते. त्या मोजणीत महाराष्ट्रातल्या गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे १४.८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आलं. आकडा खोटा नाही. पण त्या मोजणीत घरात रोख किती येते हा प्रश्नच नाही, आणि कोकणातली चणचण बहुतेक वेळा रोखीची असते. तीही ठरावीक महिन्यांतली. शिमग्याला आणि गणपतीला घर भरलेलं असतं, मधल्या काळात दुकानातली उधारी वाढत जाते.

गेल्या पंधराएक वर्षांत गावातल्या बाईच्या हाती पैसा पोचवण्याची वाट सरकारला सापडली आहे, आणि ती बऱ्यापैकी चालते. तो पैसा लावायचा कुठे, हे मात्र कोकणात अजून सुटलेलं नाही.

आधी म्हैस, मग गट

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये देशभर लागू झाला. कल्पना सरळ होती. गरीब कुटुंबाला थोडं अनुदान, थोडं बँकेचं कर्ज, त्यातून म्हैस, शेळ्या किंवा शिलाई मशीन. म्हैस आली, पण चारा कुठून आणायचा, दूध कुणाला घालायचं, जनावर आजारी पडलं तर डॉक्टर कुठला, याची सोय त्या फायलीत नव्हती. अनुदानाचे पैसे संपले की कर्ज थकायचं आणि बँकेच्या लेखी ते गाव ‘बुडीत’ व्हायचं. त्याची शिक्षा पुढच्या माणसाला.

दरम्यान १९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला. त्यातून एक गोष्ट दिसली. एकट्या गरीब माणसाला कर्ज द्यायला बँक घाबरते. पण दहा-बारा बाया काही महिने नियमाने पैसे साठवत असतील, आपसांत कर्ज देत-फेडत असतील आणि त्याची वही नीट असेल, तर तीच वही बँकेला तारणासारखी वाटते. १९९९ च्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने गट ही कल्पना उचलली. मात्र भर पुन्हा अनुदानावर राहिला, त्यामुळे अनुदानापुरते गट निघाले आणि ते मिळाल्यावर मोडले. तालुक्याच्या गावी आजही कुणी जुनं माणूस ‘आमचा गट होता, शेळ्यांचा’ असं सांगेल, तो बहुधा त्या काळातला.

२०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. महाराष्ट्रात आपण त्याला ‘उमेद’ म्हणतो. खर्च केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४०. गरीब कोण, हे आता २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीसोबत गावातल्या लोकांनी बसून ठरवायचं आणि ग्रामसभेने त्यावर शिक्का मारायचा. चिऱ्याच्या घरात राहणारी पण हातात काही नसलेली विधवा या वाटेने यादीत येऊ शकते. येतेच असं नाही. ‘तिचा दीर मुंबईत मोठा आहे’ असं ग्रामसभेत कुणीतरी बोलतोच.

वहीतला हिशोब

गटाचं काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघू. दहा ते वीस बाया एकत्र येतात. अवघड भागात, आदिवासींत किंवा अपंगांच्या गटात पाच जणीही चालतात. पाच नियम पाळायचे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. महाराष्ट्रात त्यांना आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायतीतला सहभाग वगैरे आणखी पाच जोडून दशसूत्री केली आहे. पण जीव पहिल्या पाचांत आहे.

समजा वाडीत बारा जणींचा गट आहे आणि महिन्याची बचत शंभर रुपये. महिन्याला बाराशे, सहा महिन्यांत बहात्तरशे. ही रक्कम पेटीत ठेवून द्यायची नसते. कुणाला मुलाच्या वह्यापुस्तकांना दोन हजार लागतात, कुणाला दवाखान्याला तीन. गट ठराव करतो आणि देतो. व्याज बऱ्याच गटांत महिन्याला दोन टक्के असतं. वर्षाचा हिशोब केला तर चोवीस टक्के होतात. ऐकून दचकायला होतं खरं, पण ते व्याज सावकाराच्या घरी न जाता गटाच्याच गंगाजळीत पडतं आणि वर्षअखेरीस सगळ्यांचं असतं. बैठकीत खतावणी उघडली की कुणाचा हप्ता राहिला ते सगळ्यांना दिसतं. जिचा राहिला ती खाली बघते, आणि सचिव, जी बहुधा दहावी-बारावी झालेली एखादी सून असते, पेन्सिलने बाजूला टिंब काढते. बँकेच्या नोटिशीपेक्षा हे टिंब जास्त लागतं.

गट काही महिने नीट चालला की सरकारचा फिरता निधी येतो. महाराष्ट्रात तो आता तीस हजारांपर्यंत आहे. हे अनुदान वाटून घ्यायचं नसतं, गंगाजळीत घालायचं असतं. ‘सरकारने दिले, आपले झाले’ म्हणून वाटून घेणारे गट पुढच्या पायरीवर अडकतात. गावातले गट मिळून ग्रामसंघ, ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ. त्यांच्याकडे समुदाय गुंतवणूक निधी येतो आणि तो ते गटांना कर्जाऊ देतात. त्यानंतर बँक. पहिलं कर्ज गटाच्या गंगाजळीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज सात टक्के, वरचा फरक सरकार बँकेला भरतं. वीस लाखांपर्यंत तारण नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. शाखेत अजूनही कुणी ‘जमिनीचा कागद आणा’ म्हणालं, तर रिझर्व्ह बँकेचा नियम तसा नाही, हे सांगता आलं पाहिजे.

देशात सुमारे दहा कोटी कुटुंबं नव्वद लाखांच्या आसपास गटांत आहेत आणि कर्ज थकण्याचं प्रमाण अगदी कमी आहे. मोठ्या उद्योगांची थकबाकी पाहिलेल्या बँकांना याचं अप्रूप वाटणारच. राज्यात उमेदच्या आधीपासून महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, हेच काम करत आलं आहे, १९७५ पासून. त्यामुळे एकाच गावात उमेदचा गट आणि माविमचा गट असं दिसतं. गोंधळून जाऊ नका, चाल सारखीच आहे.

गोंधळ करण्यासारखी तिसरी गोष्ट वेगळी आहे. मोटारसायकलवरून आठवड्याला वसुलीला येणारे फायनान्सवाले. तेही बायांचे गट करतात, पण तिथे बचत नसते, फक्त एकमेकींना जामीन राहायचं असतं, आणि व्याज सात टक्के मुळीच नसतं. एका बाईच्या डोक्यावर अशी दोन कर्जं आणि गटाचं तिसरं असेल तर गटाच्या वहीला त्याचा पत्ता नसतो. म्हणून परतफेडीचा आकडा चांगला आहे एवढ्यावरून धंदा चालला असं मी मानत नाही. हप्ता मुंबईच्या मुलाच्या पगारातूनही भरला जातो.

काजू: नफा आहे, पण गणपतीत

सरकारचं सध्याचं लक्ष्य आहे ‘लखपती दीदी’, म्हणजे गटातली बाई आणि तिच्या घराचं वर्षाचं उत्पन्न किमान एक लाख. व्याख्येत पुढे म्हटलंय की महिन्याला सरासरी दहा हजार मिळायला हवेत आणि ते किमान चार शेती हंगाम किंवा धंद्याची चार आवर्तनं टिकायला हवेत. पहिली अडचण तिथेच. कोकणात खात्रीचा हंगाम एकच, पावसाळी भाताचा. नंतर आंबा-काजू, आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात ती तर ऐन पावसाच्या तोंडावर.

काजू प्रक्रियेचंच उदाहरण घेऊ, कारण बँकेत ‘व्यवसाय कोणता?’ विचारलं की सिंधुदुर्गातला गट बहुधा हेच सांगतो. बी मार्च ते मे या काळात येते. ती उन्हात वाळवायची, वाफवायची, पायाने चालणाऱ्या कटरवर एकेक फोडायची. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते, म्हणून बाया हाताला राख किंवा तेल फासतात. मग गर भट्टीत वाळवायचा, साल काढायची, अख्खे वेगळे, पाकळ्या वेगळ्या, तुकडे वेगळे. चार किलो बीतून साधारण एक किलो गर मिळतो.

आता समजा गटाने एकशेवीस रुपये किलोने एक टन बी घेतली. एक लाख वीस हजार मे महिन्यातच गेले. गर निघेल अडीचशे किलो. सरासरी सातशे रुपये भाव धरला तर हाती येतील पावणेदोन लाख. त्यातून मजुरी, सरपण किंवा गॅस, पाकिटं, वाहतूक जाणार. उरलं तर बरंच उरतं. पण हा माल खपतो कधी? गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा, दिवाळीत, आणि मुंबईत बचत गटांच्या मालाचं ‘सरस’ प्रदर्शन भरतं त्यात. कर्जाचा हप्ता मात्र जूनपासून दर महिन्याला. पोत्यात लाखाचा माल आणि हातात हप्त्याला पैसे नाहीत, अशी अवस्था होते. मग गट घाईने व्यापाऱ्याला गर विकतो आणि नफा त्याच्याकडे जातो.

यावर उपाय आहे आणि तो नियमात बसतो: मुदत कर्जाऐवजी रोख पत, म्हणजे मंजूर मर्यादेत लागेल तसे काढायचे, माल विकला की भरायचे. गटांना ही सोय मिळते. मागतात मात्र फार थोडे गट, कारण कुणी सांगत नाही. माझ्या मते तालुक्याच्या प्रशिक्षणात पापड-लोणच्याचा एक दिवस कमी करून हा एक विषय शिकवला तरी मोठं काम होईल.

दुसरा पेच सुटण्यासारखा नाही. आफ्रिकेतून स्वस्त बी आयात झाली की कारखानदाराचं आणि बाहेरून बी घेणाऱ्या गटाचं फावतं, पण त्याच गटातल्या बायांच्या घरच्या काजूचा भाव पडतो. सकाळी खरेदीदार म्हणून खूश व्हायचं आणि संध्याकाळी नवऱ्याने विकलेल्या बीची पावती बघून गप्प बसायचं.

यंत्रासाठी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० पासून आहे. प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान. अन्नप्रक्रियेत असलेल्या गटाच्या प्रत्येक सदस्येमागे चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवलही मिळतं. कोकमासाठी मला यातली एकच वस्तू खरी उपयोगाची वाटते, सौर वाळवणी यंत्र. रातांब्याची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात तेव्हा आमसुलं होतात, आणि नेमकं त्याच वेळी आभाळ भरून येतं. झाडाखाली सडलेले रातांबे हे कोकणातलं जूनमधलं नेहमीचं चित्र आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने सालं वाळत नाहीत.

सातबाऱ्यावरची गर्दी

बचत गटाला सातबारा लागत नाही, आणि कोकणात तो चालण्याचं निम्मं कारण हेच असावं. शेतीच्या जवळजवळ प्रत्येक योजनेला मात्र तो लागतो, आणि इथला सातबारा म्हणजे कुळाची वंशावळ. आजोबांच्या नावापुढे तीन मुलगे, चार मुली, त्यांचे वारस, काही वारलेले, काही दादरला, काही बडोद्याला, एखादीचं लग्नानंतरचं नाव कुणालाच ठाऊक नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुळांना कूळकायद्याने हक्क मिळाले, पण पुढच्या वाटण्या बऱ्याच घरांत तोंडीच राहिल्या. ‘हा मळा तुझा, तो माझा’ एवढ्यावर दोन पिढ्या गेल्या. कसणाऱ्याला विहिरीचं अनुदान हवं असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतिपत्र आणा. एकाने जरी ‘बघू’ म्हटलं तरी फाईल थांबली. कसणारी सून असेल तर तिचं नाव त्या कागदावर नसतंच.

ज्यांचे कागद सरळ होते त्यांच्या हाती जमिनीने काय दिलं, तेही पाहा. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. स्वतःच्या वरकस जमिनीत कलमं लावायची आणि मजुरी-खर्च सरकारने द्यायचा. कोकणातले उघडे डोंगर आंबा-काजूने भरले ते बऱ्याच अंशी या योजनेने. आज कोकणातल्या माणसाचं रोख उत्पन्न म्हणून जे काही दिसतं, त्यात त्या कलमांचा मोठा वाटा आहे. म्हैस वाटण्यापेक्षा हे चांगलं चाललं, कारण झाड मरेपर्यंत अनुदान परत मागायला कुणी येत नाही आणि दरवर्षी बाजार दारात येतो. पुढे २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आली. तिच्यात इतर विभागांना कमाल सहा हेक्टर, कोकणाला दहा. पण पुन्हा सामाईक सातबारा असेल तर संमती.

खुद्द रोजगार हमीचं काय? ही कल्पना महाराष्ट्राचीच, वि. स. पागे यांची. १९७२ च्या दुष्काळात ती उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने शंभर दिवसांच्या हमीचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात हमी १२५ दिवसांची आहे. कोकणात मात्र मजुरीच्या कामांना फारशी गर्दी होत नाही. २०२५-२६ साठी राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आणि आंब्याच्या बागेत गडी त्याहून बरंच जास्त मागतो. तोही मिळत नाही म्हणून रत्नागिरी-देवगडच्या बागांत नेपाळहून आलेली माणसं राबतात. घरचा मुलगा विरारच्या लोकलमध्ये, बागेत नेपाळी राखणदार. रोजगाराच्या योजनेला हा गुंता कळत नाही, कारण तिच्या लेखी गाव म्हणजे काम मागणारे हात. रोजगार हमीतून इथे खरा उपयोग झाला तो वैयक्तिक कामांचा: विहीर, गोठा, फळबाग.

पाण्याचं उत्तर मात्र बरंच स्वस्त आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्यातून, उतारावरून समुद्राला मिळतो. मार्चपासून बाया हंडे घेऊन उभ्या. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मातीने भरून वनराई बंधारा घालतात. गोण्या फुकट, माणसं वाडीतली, एक-दोन सकाळचं काम. पाणी साचतं, काठच्या विहिरी थोड्या जास्त टिकतात आणि भात काढलेल्या मळ्यात कुळीथ, चवळी, लाल माठ, मुळा होतो. अलीकडे महामार्गाच्या कडेला जी कलिंगडं मांडलेली दिसतात ती बरीचशी अशाच भातानंतरच्या मळ्यातली. लखपतीच्या व्याख्येतला दुसरा हंगाम कुठून येणार असेल तर इथूनच. हप्ते भरण्याच्या दृष्टीनेही भाजी चांगली. काजूसारखी सहा महिने थांबत नाही, आठवड्याला पैसे देते. तोटा एकच, मोकाट गुरं आणि माकडं. माकडांपायी मळे ओसाड टाकलेली माणसं कोकणात थोडी नाहीत, आणि त्यासाठी अनुदान मागायला गेलं की कुठल्या खिडकीवर जायचं ते कुणालाच माहीत नसतं.

खाडीकाठी

मच्छीमारांचं वर्ष वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे बहुतेकांचं उत्पन्नही बंद. किसान क्रेडिट कार्ड आता त्यांनाही मिळतं. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे, इतरांना ४०. उरलेले चाळीस टक्के आणायचे कुठून, तिथे पुन्हा गट उपयोगी पडतो. कांदळवनाच्या बाबतीत राज्याने २०१७ मध्ये केलेली योजना मला जास्त शहाणपणाची वाटते. झाडं राखा आणि त्यांच्याच आधाराने खेकडे, कालवं, शोभिवंत मासे किंवा पर्यटन करा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवन दाखवतात. या धंद्यात कच्चा माल विकत घ्यायचा नाही, साठवायचा नाही. फक्त पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवायची.

जे बैठकीला नसतात

इतकं सगळं ज्या एका अटीवर उभं आहे, ती म्हणजे नियमित बैठक. रायगडातल्या कातकऱ्यांना नेमकी तीच जमत नाही. महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिवासी जमातींपैकी ही एक. अनेक कुटुंबं पावसाळ्यात वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि पावसाळा संपला की ती फेडायला मुलाबाळांसह भट्टीवर जातात, ती मे अखेरीस परततात. सात-सात महिने गावात नसलेली बाई दर आठवड्याला बचत कशी भरणार? गट झाला तरी पहिल्याच वर्षी बंद पडतो आणि कागदावर शेरा येतो, ‘सदस्यांत अनास्था’. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा जमातींसाठी घरं, रस्ते, पाणी आहे, आणि तेही हवंच. पण भट्टीची उचल तोडायची तर जूनमध्ये, चूल पेटायचे वांधे असतात तेव्हा, कुणीतरी बिनव्याजी किंवा कमी व्याजाने आठ-दहा हजार दिले पाहिजेत. ग्रामसंघाकडच्या निधीतून हे करता येतं. पाच जणींचा गट चालतो, आणि भट्टीवर एकत्र जाणाऱ्या पाच जणींनी तिथेच बैठक घेतली तर वहीला काय फरक पडतो?

शिवाय गरिबांची यादी ठरते ग्रामसभेत. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पहिल्या दोन तारखांना कातकरवाडी रिकामी असते. तुमच्या गावात यादी दुरुस्त होणार असेल तर हा विषय १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत घ्या असं सरपंचांना लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या.